दिवस असे असताना ‘सर्वदा आनंद करा’ कसं म्हणायचं?

कांडीवाली

सर्वांना सलाम.

मी सोलापूरची. चर्चच्या आवारातच लहानाची मोठी झाले. शब्बाथ शाळेत पाठांतराचं पहिलं बक्षीस मिळालं ते ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा’ या वचनाला. आता तेच वचन कानावर पडलं की पोटात गोळा येतो.

घरची परिस्थिती सांगते. हे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त ठेवणारे, होते. आधी रात्रपाळी बंद झाली, मग दिवसपाळीही आठवड्यातून मोजकी, आणि शेवटी मालकाने माग भंगारात काढले. माग किलोवर विकतात हे मला तोवर माहीत नव्हतं. ट्रकमध्ये चढवताना हे तिथं उभे राहून कुठल्या मागाचा कुठला भाग कधी बदलला होता ते हमालांना सांगत होते म्हणे. हमालांना त्याचं काय! आता मित्राची रिक्षा रात्रीची चालवतात, स्टेशनवर. त्यात पावसाळ्यात सासूबाईंना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. माझं शिवणकाम होतं, ते त्यांचं करण्यात निम्म्यावर आलं.

मला रडू येतं, चिडचिड होते, कधी कधी प्रार्थनेला बसले तरी मनात हिशेबच चालू असतो. नाताळच्या आधी उपासनेत एका भावाने साक्ष दिली, की ज्याच्या अंतःकरणात प्रभू आहे त्याच्या तोंडावर दुःख दिसूच शकत नाही. सगळे आमेन म्हणाले. मी पदर तोंडाला लावून बसले होते, शेजारणीने हळूच कोपर मारलं.

तर विचारायचं हे की टिकणारा आनंद म्हणतात तो नक्की असतो काय? कुणाला खरोखर मिळालाय का? पुस्तकी उत्तर नको. आणि रडणाऱ्या माणसाला तो मिळतो, की आधी डोळे पुसून रांगेत उभं राहायचं?

सियोन_सैनिक

प्रभूची स्तुती असो ताई! शत्रू तुमचा आनंद चोरतोय. तोंडाने नकारात्मक बोलू नका, जिभेत जीवन आणि मरण आहे. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून ‘मी आनंदी आहे, मी धन्य आहे’ असं विश्वासाने कबूल करा. माझ्या एका मित्राने असं केलं आणि महिन्याच्या आत नवी नोकरी, नवी गाडी. आमेन लिहा आणि आशीर्वाद घ्या.

मोदीखाना

का बे सैनिका, ताईंनी काय विचारलंय आणि तू गाडी कुठं नेतोयस? त्यांच्याकडे रिक्षा आहे, तीही मित्राची.

सियोन_सैनिक

चेष्टा करू नका. वचन आहे ते.

सातरस्ता

वचन आहे, नीतिसूत्रांत आहे. पण आरशाचं त्यात काही नाही.

कांडीवाली ताई, सलाम. तुमचं बक्षिसाचं वचन फिलिप्पैकरांस पत्रातलं, चौथा अध्याय. आपण ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर वाचतो, खाली गुलाबाचं फूल. म्हणून ते कुणी कुठं बसून लिहिलं हे विसरायला होतं. लिहिणारा पौल कैदेत आहे, साखळ्यांत आहे, निकाल काय लागेल, जगेल की मरेल, त्याला ठाऊक नाही. आणि मुख्य म्हणजे हे पत्र ही एक पोच आहे. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर त्याला मदत पाठवली होती, ती मिळाली असं कळवायला त्याने हे लिहिलं. चौथ्या अध्यायाचा शेवट वाचा, चक्क देण्याघेण्याची भाषा आहे. आनंद करा म्हणणारा माणूस नुकताच कुणाच्या तरी खिशातून आलेल्या पैशावर जेवलेला आहे, आणि तसं सांगायला त्याला लाज वाटत नाही.

आता दुसरा अध्याय. तो एपफ्रदीत वाटेत की तिथं पोचल्यावर आजारी पडला, मरता मरता वाचला. पौल लिहितो की देवाने त्याच्यावर दया केली, आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. दुःखावर दुःख! म्हणजे पहिलं दुःख होतंच की. आनंदाचं पत्र म्हणून जे ओळखलं जातं त्यात हे आहे. पुढे तिसऱ्या अध्यायात तर रडत सांगतो असं त्याने स्वतःच लिहिलंय. तुमच्या त्या साक्ष देणाऱ्या भावाच्या मापाने पौल नापासच.

बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांत सर्वांत जास्त संख्या विलापाच्या स्तोत्रांची आहे. ‘हे परमेश्वरा, किती वेळ?’ असं विचारणारी. बहुतेकांच्या शेवटी कुठंतरी उजेड येतो, पण ८८ वं उघडून बघा. ते अंधारातच संपतं. शेवटी एकही आशेची ओळ नाही. ज्यांनी हा ग्रंथ संग्रहित केला त्यांना ते गाळता आलं असतं, त्यांनी ठेवलं. मी शाळेत शिक्षक होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण चर्चमध्ये ८८ वं स्तोत्र वाचन म्हणून लावल्याचं मला आठवत नाही. आपल्याला ते सोसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग आनंद कुठं? पंडिता रमाबाईंचं सांगतो, कारण आपण सोलापूरकर पुण्याला जाताना त्यांच्या दारावरून जातो. दौंड सुटलं की केडगाव, तिथं त्यांचा आश्रम. या बाईंचे आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेली. भाऊ १८८० मध्ये गेला, लग्न झालं, आणि १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. पदरात लहान मनोरमा. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्म्याने दुःख थांबलं का? १९२१ मध्ये मनोरमाबाईही गेल्या, ज्यांनी आईचं काम पुढं न्यायचं होतं. आणि रमाबाई त्या वेळी काय करत होत्या? मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबलचं काम. मुलीला पुरून आलेली बाई पुन्हा त्याच कामाला बसली, ते संपवलं, आणि एप्रिल १९२२ मध्ये गेली. १८९६-९७ च्या दुष्काळात ज्या मुलींना त्यांनी उचलून आणलं त्यांना आधी जेवायला घातलं, मग शिकवलं, छापखान्यात, शेतात, मागावर काम दिलं. त्यांच्या चेहऱ्यावर सदा हसू होतं का ते मला सांगता येणार नाही. फोटोत तरी नाही. पण टिकणारं काय होतं म्हणाल तर ते हे.

मोदीखाना

सर, ८८ वं आत्ता वाचलं. बाप रे.

भुईकोट

मी ख्रिस्ती नाही, किंबहुना आता कुठल्याच देवाचा राहिलो नाही, पण माणूस सोलापूरचाच. जन्म बाळीवेशीतला, आता पुण्यात. धागा आवडला म्हणून लिहितो, कुणाला दुखवायचं नाही.

ताई, तुमच्या यजमानांचा पगार, थकबाकी, भविष्य निर्वाह निधी यांचं काय झालं हे इथं अजून एकानेही विचारलं नाही. मला धर्माबद्दल नेमकं हेच खटकतं. सगळ्याच. गिरण्या बंद पडल्या तेव्हा या गावात किती भजनं झाली असतील, किती प्रार्थना. माणसाला सांगायचं, बाबा रे, खरा आनंद आत असतो. मग बाहेर मालक मोकळा. सातरस्ता सरांनी पौलाची बाजू छान मांडली, पण कैद्याने कैदेत आनंद मानला तर कैद करणाऱ्याची सोयच झाली ना?

जुनी_मिल

भुईकोट, प्रश्न बरोबर आहे. उत्तर देतो, पण मी सरांसारखा वाचलेला नाही.

माझे वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. नव्वदीच्या दशकात बंद पडली. भोंगा थांबल्यावर पुष्कळ दिवस ते भोंग्याच्या वेळेला उठून बसायचे, आई चहा करून द्यायची, ते पायरीवर बसून प्यायचे आणि परत आत. चर्चला जात राहिले, मागच्या रांगेत. त्यांना तो आनंद मिळाला असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. या धाग्यावर सगळ्या यशाच्याच गोष्टी नकोत म्हणून सांगितलं. विश्वास होता, प्रार्थना होती, आणि तरी माणूस विझत गेला. असंही होतं.

आता मालकाचं. याकोबाचं पत्र उघडा. पहिल्याच अध्यायात लिहिलंय की नाना प्रकारच्या परीक्षा येतील तेव्हा आनंद माना. हे आपल्याला दर वर्षी ऐकवतात. तेच पत्र पाचव्या अध्यायात श्रीमंतांना म्हणतं, तुमची शेतं कापणाऱ्यांची मजुरी तुम्ही अडकवून ठेवली, ती मजुरी ओरडतेय आणि कामकऱ्यांचं रडणं सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेलंय. एकच माणूस, एकच पत्र. आनंद मान म्हणणाऱ्यानेच मजुरी बुडवणाऱ्याला झापलंय. पाचव्या अध्यायावर प्रवचन मी आयुष्यात एकदाच ऐकलं, आणि त्या पाळकांची बदली लवकर झाली. (योगायोग असेल.)

तेव्हा ताई, दादांना सांगा, पीएफ खात्याचा नंबर घेऊन आधी शिल्लक बघा, मालकाचा वाटा भरलाय का ते बघा. सलग पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नाही दिलं तर कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. एकट्याने जाऊ नका, बरोबरच्या कामगारांना घेऊन जा. मी हे काम थोडंफार करतो, लागलं तर इथंच विचारा.

भुईकोट

याकोबाचा पाचवा अध्याय माहीत नव्हता. मान्य, निदान पुस्तकात तरी आहे.

सातरस्ता

भुईकोट, ‘पुस्तकात तरी’ हा टोला बसला, आणि बसायलाच हवा.

एकच भर घालतो. आपले ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तुकोबांचंही घर दुष्काळाने मोडलं, बायको अन्न अन्न करत गेली. ज्या माणसाने इतका आनंद गायला त्याने ते सगळं आधी पाहिलेलं होतं. टिळकांना ख्रिस्तात जे सापडलं ते वेगळं होतं, माझी श्रद्धाही तिथंच आहे, पण दुःख पाहिलेल्या माणसाचा आनंद ओळखायला ते आपल्याच मातीत शिकले होते.

निवृत्त_सिस्टर

नमस्कार. दुपारपासून वाचतेय. थोडं कामाचं, थोडं माझं.

आधी कामाचं. कांडीवाली बेटा, सासूबाईंची कूस दर दोन तासांनी बदलतेस ना? टाचा, माकडहाड, कमरेची हाडं रोज उजेडात बघ. लाल दिसलं आणि दाबून लाली जात नसेल तर जखमेची सुरुवात आहे, त्या बाजूवर झोपवू नकोस आणि डॉक्टरांना दाखव. भरवताना पूर्ण बसवून भरव, भरवल्यावर निदान अर्धा तास आडवं करू नकोस. पातळ पाण्याने ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांग, दामटून पाजू नकोस. एअर बेड भाड्याने मिळतो. आणि तू रात्री झोपतेस का?

आता माझं. माझा मुलगा गेला. कसा ते लिहीत नाही. मी पन्नास वेळा दुसऱ्यांच्या उशाशी उभं राहून प्रार्थना केलेली बाई, पण त्यानंतर माझ्या तोंडातून एक शब्द निघेना. उपासनेला जायचे, उभी राहायचे, गीतपुस्तक उघडायचे आणि ओठ शिवल्यासारखे. महिला मंडळाच्या बायका दर आठवड्याला घरी यायच्या. पहिल्या दिवशी एकीने सुरुवात केली की देवाची काहीतरी योजना असेल, तर आमच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या मावशी, ज्या विड्या वळून घर चालवायच्या, त्या म्हणाल्या, ‘गप बस. ईयोबाचे मित्र सात दिवस गप बसले होते तेच बरं होतं, तोंड उघडलं आणि घाण केली.’ मग त्या खाली बसल्या, पिशवीतून विड्यांचं सूप काढलं, मांडीवर घेतलं, भिजवलेली पानं कात्रीने कापायला लागल्या. त्यांचा दिवसाचा आकडा पूरा व्हायचा होता, आणि माझ्याकडे येणंही चुकवायचं नव्हतं. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा मारायचा, आणि तोंडाने गीत चालू. बाकीच्या धरायच्या. मी म्हणायचे नाही, नुसती बसायचे. घरभर तंबाखूचा वास. कुणी मला गा म्हटलं नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत माझ्या वाटणीचं त्यांनीच गायलं.

मला विचारशील तर मला मिळालेला आनंद हा. तो माझ्या मनातून उगवला नाही. माझ्यात काही नव्हतंच. त्यांनी तो त्यांच्या गळ्यात माझ्यासाठी जपून ठेवला होता, मी परत घ्यायला येईपर्यंत. रोमकरांस पत्रात आहे, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. ‘त्यांना हसवा’ असं नाही.

मुलगा आजही नाही. हे दुःख गेलेलं नाही, जाणारही नाही. पण त्याच घरात आनंदही असतो, हे आता मला माहीत आहे.

मोदीखाना

मावशी 🙏

वसईची_पोर

आमच्याकडे कॅथलिकांत लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, क्रूसाची वाट करतात, त्यात वाटेवर तीनदा येशू पडतो. लहानपणी मला वाटायचं, देव असून पडतो कसा. आजीच्या आजारपणात ते तीनदा पडणंच सगळ्यांत जवळचं वाटलं. बाकी मला सिस्टरांच्या पुढे काही लिहायचं धाडस नाही.

सियोन_सैनिक

सगळं ठीक आहे, पण विश्वासाने मागितलं तर प्रभू देतो हे नाकारताय का तुम्ही सगळे?

सातरस्ता

नाकारत नाही. मागतोच. ताईंच्या यजमानांना काम मिळावं म्हणून मी आज मागितलं, तुम्हीही मागा. पण ‘तुमचा आनंद तुमच्यापासून कोणी काढून घेणार नाही’ हे येशूने शिष्यांना कधी सांगितलं? पकडला जाण्याच्या रात्री. आणि त्याच दमात सांगितलं की तुम्ही रडाल आणि शोक कराल. नोकरी आणि गाडी तर काढून घेता येते, माग किलोवर गेले तसे. ज्याबद्दल तो बोलत होता ते त्याहून वेगळं असलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

सियोन_सैनिक

यावर विचार करतो. ताई, तुमच्या मिस्टरांसाठी प्रार्थना करतोय, खरंच. आणि माझे मेहुणे चिंचोळी एमआयडीसीत आहेत, विचारून सांगतो.

कांडीवाली

सगळं दोनदा वाचलं. ह्यांनाही वाचून दाखवलं. पीएफचं ऐकल्यावर हे ताठ बसले, बरोबरच्या दोघांना लगेच फोन केला. जुनी_मिल दादा, कागद जमवून विचारते.

सिस्टर, झोप तुकड्यातुकड्यानेच. डाव्या टाचेवर थोडं लाल होतं, आज उशी देऊन टाच उचलून ठेवलीय, उद्या दाखवते.

एक सांगायचं आहे. तुमचं वाचून काल रात्री सासूबाईंची कूस बदलताना मी सहज टिळकांचं एक गीत गुणगुणले, त्या पूर्वी स्वयंपाक करताना म्हणायच्या ते. झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून ‘आ’ आणि ‘नको’ एवढंच येतं. पाणी हवं असलं तरी ‘नको’ म्हणतात, मग आम्ही अंदाज बांधायचा. काल दुसऱ्या ओळीला त्यांनी सूर लावला. आणि शब्द आले. पूर्ण ओळ, शब्दासकट, थोडी अडखळत. मी थांबले तर त्याही थांबल्या, आणि मग बोलायला गेल्या तर पुन्हा ‘नको, नको’. मी रडायला लागले, त्याही रडायला लागल्या. कपाळावर हात मारून घेतला त्यांनी डाव्या हाताने, म्हणजे गंमत वाटली की राग आला कळलं नाही. मग आम्ही पहिल्यापासून म्हटलं.

हे चमत्कार वगैरे आहे का मला माहीत नाही.

निवृत्त_सिस्टर

आहे ते खूप चांगलं आहे बेटा. झटक्यात बोलण्याची जागा दुखावते, ती बहुतेकांची डाव्या मेंदूत असते. पण गाण्यासाठी मेंदूचे दुसरेही भाग चालतात, म्हणून बोलता न येणाऱ्याला कधी कधी पाठ गाणं म्हणता येतं. वाचाउपचारात याचा उपयोगही करतात. सिव्हिलला वाचाउपचार आहे का चौकशी कर, आणि हे त्यांना नक्की सांग. रोज म्हणत जा.

भुईकोट

म्हणजे मेंदूचं काम आहे, देवाचं नाही. (डोळे ओले करून लिहितोय, तरी लिहितो.)

सातरस्ता

मेंदू कुणी शिवून आणला होता काय बाहेरून? असो. या वादाला वेगळा धागा काढा, मी येतो.

पण त्या ओळी त्यांच्यात आल्या कुठून ते बघा. कुणी तरी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी शिकवल्या, दर रविवारी म्हणून घेतल्या, चुलीपुढं त्या घोळल्या. चांगल्या दिवसांत. तेव्हा कुणाला ठाऊक होतं कशासाठी साठवतोय.

भुईकोट

हे मात्र पटलं. माझ्या आजीला शेवटी आमची नावं आठवत नव्हती, हरिपाठ आठवत होता.

निवृत्त_सिस्टर

कांडीवाली, मी सात रस्त्याच्या अलीकडेच राहते. मला निरोप पाठव. टाच बघायला येते, आणि आमच्या दोघी-तिघी जणी गुरुवारी येतील. तू त्या वेळेत झोपायचं. आमच्यात बसायचं नाही, गायचं नाही, चहा करायचा नाही. आतल्या खोलीत जाऊन झोपायचं. सासूबाईंबरोबर आम्ही गातो.

कांडीवाली

हे म्हणतायत, येणाऱ्या मावश्यांना रिक्षाने आणतो आणि सोडतो, पैसे काढले तर रागावेन. गड्ड्याच्या जत्रेमुळे होम मैदानाकडचे रस्ते बंद आहेत, मागून आणावं लागेल.

साक्षीच्या वेळी काय करायचं ते अजून ठरलं नाही. त्या भावाला काही बोलायची माझ्यात ताकद नाही.

जुनी_मिल

नका बोलू. मागची रांग आमची आहे, तिथं या. तिथं कुणी कोपर मारत नाही.

मोदीखाना

गुरुवारी पेटी घेऊन मी येतो. फक्त पट्टी खालची धरा मावशी, करोलला बोंबलून घसा बसलाय. आणि भुईकोट, तू बी ये की बे, रविवारी हुरड्याला येतोसच ना, तीन दिवस आधी ये. तबल्याला कोणी नाहीये.

भुईकोट

तबला येतो मला. पण प्रार्थनेला डोळे मिटणार नाही.

मोदीखाना

उघडे ठेव. ठेका चुकवू नको म्हणजे झालं.